वृद्धांसाठी लहान केअर होम निवडताना काय पाहावे : बडोदेकर कुटुंबांसाठी माहिती

आपल्या सभासदांपैकी अनेकांची मुले आज पुणे, बंगळुरू, कॅनडा किंवा अमेरिकेत आहेत आणि आई किंवा वडील कारेलीबाग, मांजलपूर, दांडिया बाजार किंवा वाघोडिया रोडच्या घरात एकटे आहेत. दिवसाची बाई मिळते, रात्रीची टिकत नाही. अशात एखादे पडणे, पक्षाघात किंवा वाढत गेलेला विसरभोळेपणा समोर येतो आणि हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळायच्या आत 'आता पुढे काय' हे ठरवावे लागते. त्या घाईत माणूस पहिले मिळेल ते ठिकाण घेतो. तसे होऊ नये, निदान काय विचारायचे हे हाताशी असावे, म्हणून ही माहिती एकत्र केली आहे.

पूर्वी 'घरडाघर' म्हटले की ट्रस्टने चालवलेली मोठी संस्था डोळ्यासमोर यायची. ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. पुण्याची 'निवारा' ही संस्था १८६३ सालची, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभी राहिलेली. महाराष्ट्र सरकारने १९९५ नंतर 'मातोश्री' वृद्धाश्रम काढले. आता मात्र मोठ्या शहरांप्रमाणे आपल्याकडेही दुसरा प्रकार दिसतो : एखाद्या सोसायटीतील बंगला किंवा टेनामेंट घेऊन तिथे आठ ते वीस वृद्धांची राहण्याची, जेवणाची आणि शुश्रूषेची सोय. हा लेख मुख्यतः या लहान घरांबद्दल आहे.

लहान घराचा फायदा उघड आहे. दहा माणसांत प्रत्येकाचे नाव, सवय, आवड ठाऊक असते. तोटा तितका उघड नाही. असे घर दोन-तीन माणसांवर उभे असते. चालवणाऱ्या बाई आजारी पडल्या किंवा चांगली नर्स सोडून गेली, की तेच घर महिन्याभरात वेगळे होते. म्हणून भिंतींचा रंग आणि नवे पडदे पाहण्यापेक्षा ही दोन-तीन माणसे आणि ती नसताना काय होते, हे पाहणे महत्त्वाचे.

१. आधी गरज कागदावर लिहा

घर पाहायला निघण्यापूर्वी आपल्या माणसाची आजची स्थिती एका पानावर लिहून काढावी. स्वतः उठून चालता येते का? संडास-बाथरूमला मदत लागते का? जेवण स्वतः घेता येते का, भरवावे लागते का? रात्री किती वेळा उठावे लागते? इन्सुलिन, कॅथेटर, नाकातून नळी, ऑक्सिजन यांपैकी काही आहे का? घराबाहेर निघून जाण्याची सवय आहे का?

या उत्तरांवरून तीन गट पडतात. हिंडते-फिरते, ज्यांना फक्त सोबत आणि वेळेवर जेवण हवे. रोजच्या कामांत हात लागणारे. आणि अंथरुणाला खिळलेले किंवा स्मृतिभ्रंश झालेले. पहिल्या गटासाठी उत्तम असलेले घर तिसऱ्या गटासाठी धोक्याचे असू शकते. 'आम्ही सर्व प्रकारचे घेतो' असे सांगणाऱ्यांना विचारावे की आज या घरात तिसऱ्या गटातील किती जण आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळी माणसे किती.

दुसरी गोष्ट, ज्यांना राहायचे आहे त्यांचे मत. शक्य असेल तर त्यांना घेऊन घर पाहावे, एक वेळ तिथे जेवावे. 'चार दिवसांसाठी जाऊ या' असे खोटे सांगून नेऊ नये. चार दिवसांनंतर रोज संध्याकाळी पिशवी भरून दाराशी बसणारी माणसे अशा घरांत पाहायला मिळतात. पंधरा दिवस किंवा महिनाभर राहून पाहण्याची सोय असेल तर ती घ्यावी आणि तसेच सांगावे.

२. कायदा काय देतो आणि काय देत नाही

'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा, २००७' पुष्कळांना नावाने ठाऊक आहे. त्यात ६० वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक धरली आहे. मुले खर्च उचलत नसतील तर प्रांत अधिकाऱ्याच्या दर्जाच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. निर्वाहाची कमाल मर्यादा महिन्याला १०,००० रुपये आहे. अपत्य नसलेल्या ज्येष्ठांना, जे नातेवाईक त्यांच्या मालमत्तेचे वारस होणार आहेत त्यांच्याकडूनही निर्वाह मागता येतो. ज्येष्ठांना टाकून देणे हा तीन महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम राज्य सरकार काढू शकते, असेही त्यात आहे.

परंतु पैसे घेऊन चालणाऱ्या खासगी घरांसाठी परवाना, किमान कर्मचारी, किमान दर्जा अशी तरतूद या कायद्यात नाही. २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत दुरुस्ती विधेयक आले, त्यात अशा घरांच्या नोंदणीची कलमे होती. ते मंजूर झाले नाही. थोडक्यात, 'सरकारमान्य' असा बोर्ड दिसला तर कोणत्या खात्याची, कशासाठीची मान्यता, हे विचारावे लागेल. तपासणीची जबाबदारी बरीचशी कुटुंबावरच येते.

तरीही पुढील कागद मागता येतात आणि मागावेतच :

• संस्था ट्रस्ट असेल तर गुजरात पब्लिक ट्रस्ट कायद्याखालील नोंदणी क्रमांक व मागील वर्षाचा ऑडिट झालेला हिशेब. खासगी असेल तर मालकाचे नाव, पॅन आणि जीएसटी लागू असल्यास त्याचा क्रमांक.
• जागा स्वतःची की भाड्याची. भाड्याची असल्यास करार कधीपर्यंत आहे. हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. घरमालकाने जागा सोडायला सांगितली, की दहा वृद्धांना पंधरा दिवसांत हलवावे लागते.
• महानगरपालिकेच्या अग्निशमन विभागाची एनओसी किंवा ती लागू नसल्यास तसे कारण. निदान चालू तारखेची अग्निशामक नळकांडी आणि ती वापरता येणारी माणसे.
• स्वयंपाकघराची अन्न सुरक्षा नोंदणी.
• खाटा ठेवून वैद्यकीय उपचार देत असतील तर गुजरात क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा, २०२१ खालील नोंदणी. मनोरुग्ण किंवा स्मृतिभ्रंशाचे रुग्ण ठेवत असतील तर मानसिक आरोग्य कायदा, २०१७ खालील नोंदणीबद्दल विचारावे.
• कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि नर्सची नोंदणी.

सगळे कागद सगळ्यांकडे असतीलच असे नाही. पण मागितल्यावर फाइल समोर ठेवणारा आणि 'विश्वास नाही का?' असे विचारणारा, यांतील फरक पुरेसा बोलका असतो.

३. जागा : पायऱ्या, बाथरूम आणि विश्वामित्री

सोबत एक मोजपट्टी न्यावी. व्हीलचेअर जायला दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर असावी. बाथरूमचे दार सहसा इथेच कमी पडते. उतार असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी, यापेक्षा तीव्र नसावा. कमोडच्या बाजूला आणि शॉवरजवळ भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा. टॉवेल अडकवायच्या दांड्यावर माणसाचे वजन पेलत नाही. फरशी ओली करून पाहावी. बाथरूमला आतून लागणारी कडी बाहेरून उघडता येते का ते पाहावे. पलंगापासून संडासापर्यंत रात्री दिवा राहतो का, आणि हाक मारायची बेल हाताशी आहे का, तेही पाहावे. बेल वाजवून किती वेळात कोणी येते, याची नोंद घ्यावी.

बडोद्यात एक तपासणी जास्तीची करावी लागते. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा अनेक सोसायट्यांत तळमजले पाण्याखाली गेले आणि वीज बंद राहिली. तळमजला वृद्धांना सोयीचा, पण पुरात तोच अडचणीचा. म्हणून थेट विचारावे : २०२४ साली या घरात पाणी कुठपर्यंत आले होते? शेजाऱ्यांनाही तेच विचारावे, ते खरे सांगतात. अंथरुणावरच्या माणसांना वर कसे नेणार, कोण नेणार? वरचा मजला असेल तर लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते का आणि वीज गेल्यावर लिफ्ट चालते का? हवेची गादी, ऑक्सिजनचे मशीन ही विजेवर चालणारी साधने आहेत. इन्व्हर्टर किती तास पुरतो? औषधांचा आणि डायपरचा किती दिवसांचा साठा असतो?

तसाच उन्हाळ्याचा प्रश्न. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. पत्र्याखालची किंवा गच्चीखालची खोली दुपारी दोन वाजता पाहावी, सकाळी दहाला नव्हे.

४. माणसे : दिवसाची आणि रात्रीची

किती कर्मचारी, असे विचारले की एकूण आकडा सांगितला जातो. त्यात स्वयंपाकी, झाडूवाली, ड्रायव्हर सगळे येतात. प्रश्न असा विचारावा : काल रात्री दोन वाजता या घरात अंगाला हात लावून काम करणारी किती माणसे जागी होती? त्यांची नावे काय? बारा वृद्धांमागे रात्री एकच सेविका आणि ती दिवसाचीही पाळी करून झोपलेली असेल, तर बेल असून उपयोग नाही. एका जड माणसाला पलंगावरून उचलायला दोन माणसे लागतात, हेही लक्षात ठेवावे.

नर्स आणि सेविका यांतला फरक समजून घ्यावा. 'सिस्टर' म्हणून सगळ्यांनाच हाक मारतात. इन्सुलिन कोण देते, कॅथेटर कोण बदलते, नळीतून जेवण कोण देते, हे नावानिशी विचारावे.

सेविकांपैकी कोण किती दिवसांपासून आहे, हे त्यांनाच विचारावे. अनेक जणी छोटा उदेपूर, दाहोद, पंचमहाल भागातून आलेल्या असतात आणि तिथेच राहतात. त्या कुठे झोपतात, काय जेवतात, सुट्टी मिळते का, हे पाहिल्यावर घराचा बराच अंदाज येतो. सेविकांना नीट न वागवणारे घर वृद्धांना नीट वागवेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

५. औषधे आणि आजारपण

प्रत्येकाचा औषधांचा तक्ता असावा आणि गोळी दिल्यावर त्याच वेळी सही व्हावी. महिन्याभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच हाताने झालेल्या दिसल्या तर सावध व्हावे. बँकेत रजिस्टर पाहण्याची ज्यांना सवय होती, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पडल्याची नोंदवही असते का? 'आमच्याकडे कोणी पडतच नाही' हे उत्तर चांगले नाही. वृद्ध माणसे कुठेही पडतात, नोंद ठेवणारे घर त्यातून काही शिकते. अंथरुणावरच्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात. कूस बदलल्याची नोंद मागावी. दर महिन्याला वजन करतात का? हळूहळू उतरणारे वजन हे नीट न भरवण्याचे पहिले लक्षण असते.

कोणाला पलंगाला बांधलेले दिसते का? दुपारी चार वाजता सगळेच गाढ झोपलेले दिसतात का? झोपेचे किंवा शांत करणारे औषध कोणत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीने, किती दिवसांसाठी दिले जाते आणि कुटुंबाला आधी कळवले जाते का, हे स्पष्ट करून घ्यावे.

डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात आणि रात्री फोनवर मिळतात का? सर्वांत उपयोगी प्रश्न हा : 'मागच्या वेळी रात्री कोणाला हॉस्पिटलमध्ये न्यावे लागले, तेव्हा काय काय झाले?' ज्यांनी खरोखर केले आहे ते सांगतात : किती वाजता, १०८ ला कोणी फोन केला, सोबत कोण गेले, घरच्यांना कधी कळवले. ज्यांनी केलेले नाही ते 'काळजी करू नका' म्हणतात. कोणते हॉस्पिटल, सयाजीराव हॉस्पिटल की जवळचे खासगी, हे आधीच लिहून द्यावे. सोबत द्यायची फाइलही तयार हवी : शेवटची डिस्चार्ज समरी, औषधांची यादी, आधार, विम्याचे कार्ड. ७० वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते, त्याचे कार्ड काढून ठेवावे. ते हॉस्पिटलमध्ये दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. केअर होमचे शुल्क त्यातून किंवा मेडिक्लेममधून मिळत नाही.

अवघड असले तरी आणखी एक विचारून ठेवावे. मृत्यू घरातच झाला तर दाखला कोणते डॉक्टर देतात? मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी लागते. परदेशातील मुले येईपर्यंत काय व्यवस्था, हेही बोलून घ्यावे. ज्यांना शेवटी व्हेंटिलेटर वगैरे नको आहे, त्यांनी तसे लेखी करून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली याला मान्यता दिली आणि २०२३ साली पद्धत सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही पुरते. त्याची एक प्रत केअर होमकडे असावी.

६. जेवण आणि भाषा

आपल्या लोकांसाठी हा मुद्दा किरकोळ नाही. गोड डाळ, दुपारी गरम फुलके आणि रात्री खिचडी-कढी हे जेवण चांगलेच आहे, पण ऐंशी वर्षे आमटी-भात जेवलेला माणूस आजारपणात नवी चव स्वीकारत नाही. जेवण कमी होते आणि वजन उतरते. मधुमेह असेल तर डाळ-भाजीतल्या गुळाचे काय, हे विचारावे. मऊ भात, गुरगुट्या, ज्वारीची भाकरी असे साधे पदार्थ करून मिळतील का? 'भाकरी' म्हटल्यावर गुजराथीत गव्हाची कडक भाखरी समजतात, तेव्हा नीट समजावून सांगावे. बहुतेक घरे शाकाहारी असतात. मराठा, सीकेपी, सारस्वत कुटुंबांतील ज्यांना अंडे-मासे लागतात त्यांनी बाहेरून आणलेले चालेल का, हे आधीच विचारलेले बरे. एकादशी-चतुर्थीचे उपासही सांगून ठेवावेत.

भाषेचे असे की आपण सगळे गुजराथी सहज बोलतो, त्यामुळे हा प्रश्न सुरुवातीला जाणवत नाही. पण स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते, असे बऱ्याच रुग्णांत दिसते. पन्नास वर्षे बाजारात गुजराथी बोललेली आजी एके दिवशी फक्त मराठीच बोलू लागते आणि 'शू लागली', 'पोटात कळ येते', 'गार पाणी नको' हे सेविकेला कळत नाही. चिडचिड वाढते, मग 'फार त्रास देतात' अशी तक्रार येते. यावर साधा उपाय : अशी वीस-पंचवीस नेहमीची वाक्ये मराठी उच्चाराप्रमाणे गुजराथी लिपीत लिहून, पुढे अर्थ देऊन, पलंगाजवळ लावावीत. घरात मराठी बोलणारा निदान एक कर्मचारी किंवा सोबती असेल तर त्या घराला दोन गुण जास्त द्यावेत.

दिवस कसा जातो, तेही पाहावे. टीव्ही कोणत्या भाषेत, कोणासाठी लावलेला आहे? माणसे स्वतःच्या कपड्यांत आहेत की सगळी एकसारख्या गाऊनमध्ये? नखे कापलेली, दाढी केलेली आहे का? चष्मा, कवळी, कानाचे यंत्र यांवर नाव आहे का? या लहान गोष्टी एका दिवसात सजवता येत नाहीत.

७. पैसा : खरा महिन्याचा खर्च

सांगितलेले शुल्क आणि महिन्याचे बिल यांत फरक असतो. उदाहरणादाखल समजा, शुल्क २५,००० रुपये आहे. दिवसाला तीन डायपर, प्रत्येकी ४० रुपये धरले तर महिन्याचे ३,६०० रुपये. औषधे ३,०००, फिजिओथेरपी ४,०००, डॉक्टरांच्या भेटी १,००० असे धरले तर बिल ३६,६०० होते. शिवाय २ लाख बिनव्याजी अनामत असेल, तर ७ टक्क्यांनी तिचे वर्षाचे १४,००० रुपये व्याज जाते, म्हणजे महिन्याला सुमारे १,१७० रुपये. तेव्हा २५,००० चे घर प्रत्यक्षात ३७,८०० च्या जवळ जाते.

यानंतर वाढ. दरवर्षी १० टक्के वाढ असेल तर २५,००० चे सहाव्या वर्षी ४०,२६३ होतात. पहिल्या पाच वर्षांत नुसत्या शुल्कापोटी १८,३१,५३० रुपये लागतात. पेन्शन किंवा व्याजाचे उत्पन्न त्या वेगाने वाढत नाही. म्हणून पहिल्या वर्षी परवडते का एवढे न पाहता पाच वर्षे परवडेल का, ते पाहावे आणि भावंडांतील वाटणी आधीच लिहून ठेवावी. पैशांवरून मध्येच घर बदलणे वृद्धांना फार जड जाते.

करारात या गोष्टी लेखी असाव्यात :

• शुल्कात काय धरले आहे, काय नाही. वाढ किती आणि किती आधी कळवून.
• अनामत किती दिवसांत परत मिळेल, कोणत्या कारणाने कापली जाईल. बँकेतील ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. केअर होमच्या अनामतीला तसे कोणतेही संरक्षण नाही. म्हणून ती जितकी कमी, तितके बरे.
• हॉस्पिटलमध्ये असताना किंवा घरी नेले असताना शुल्क किती.
• मृत्यू किंवा सोडून जाणे झाल्यास त्या महिन्याचे उरलेले पैसे.
• संस्था कोणत्या परिस्थितीत 'घेऊन जा' म्हणू शकते आणि किती दिवसांची मुदत देते. किमान ३० दिवस असावेत.

पैसे चेकने किंवा खात्यात भरावेत, पावती घ्यावी. शुल्काऐवजी देणगीची पावती देत असतील तर घेऊ नये; देणगी परत मागता येत नाही. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात ६० वर्षांवरील व्यक्तीला, निवास-भोजनासह महिन्याला २५,००० पर्यंतच्या शुल्कावर जीएसटी माफ आहे. इतर ठिकाणी सांगितलेल्या रकमेत कर धरला आहे की वेगळा, ते विचारावे.

८. सही, खाते आणि मालमत्ता

चेकबुक, एटीएम कार्ड, त्याचा पिन आणि ओटीपी येणारा मोबाइल केअर होमच्या ताब्यात देऊ नये. चालकाला नॉमिनी करू नये. दागिने घरीच ठेवावेत.

हात थरथरतो म्हणून सही जुळत नसेल तर अंगठ्यावर व्यवहार होऊ शकतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अंगठाही शक्य नसेल तर खूण चालते, साक्षीदारांची अट तीच. ७० वर्षांवरील ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच सांगितले आहे. आपल्या शाखेत अर्ज द्यावा. पेन्शनचा हयातीचा दाखला आता चेहरा ओळखून मोबाइलवरूनही देता येतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो.

मुखत्यारपत्राबद्दल मोठा गैरसमज आहे. आपल्या कायद्यात देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की मुखत्यारपत्रही संपते. म्हणजे स्मृतिभ्रंश वाढल्यावर, नेमके गरजेच्या वेळी ते चालत नाही. मग पालक नेमून घ्यायला न्यायालयात जावे लागते. म्हणून आई-वडील समजत्या स्थितीत असतानाच खाती जोडीदाराच्या किंवा मुलाच्या नावासह 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशी करून घ्यावीत, नॉमिनेशन तपासावे आणि मृत्युपत्र करावे.

'तुम्ही सांभाळा, घर तुमच्या नावे करतो' असे बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळण्याची अट त्यात स्पष्ट लिहावी. २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली अट मोडल्यास असे हस्तांतरण रद्द करून घेता येते, पण अट लिहिलेली नसेल तर वाद वाढतो. हाच सल्ला पुतण्या-भाच्यांच्या बाबतीत आणि केअर होमला मालमत्ता देऊ पाहणाऱ्यांच्या बाबतीतही लागू आहे.

९. तीन भेटी आणि त्यानंतर

पहिली भेट वेळ ठरवून द्यावी आणि कागद पाहावेत. दुसरी न कळवता, संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास, म्हणजे रात्रीचे जेवण आणि पाळी बदलणे दोन्ही दिसते. तिसरी रविवारी दुपारी, जेव्हा मुख्य माणसे नसतात. दारातून आत शिरताच लघवीचा किंवा फिनेलचा उग्र वास येतो का, हे नाकाने पाहावे. राहणाऱ्यांशी एकट्याने पाच मिनिटे बोलू देतात का, ते पाहावे. दोन कुटुंबांचे फोन मागावेत, त्यांपैकी एक असे ज्यांचे माणूस आता तिथे नाही. ते मोकळेपणाने बोलतात.

ठेवल्यानंतर पहिले सहा आठवडे वारंवार जावे, वेळ बदलून जावे. परदेशातील मुलांनी रोजच्या व्हिडिओ कॉलवर समाधान मानू नये. कॉलच्या वेळी केस विंचरलेले असतातच. बडोद्यातील एखाद्या नातेवाइकाला किंवा मित्राला आठवड्यातून एकदा जाण्याचे काम नेमून द्यावे. त्याने पाठ, टाचा आणि वजनाची नोंद पाहावी.

तक्रार असेल तर आधी चालकाला लेखी द्यावी. पैसे देऊन घेतलेली सेवा असल्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक हेल्पलाइन १९१५. ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन 'एल्डरलाइन' १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. मारहाण किंवा उपासमारीची शंका असेल तर वाट न पाहता पोलिसांना कळवावे आणि माणसाला बाहेर काढावे.

नात्यात किंवा ओळखीत कोणी आईला केअर होममध्ये ठेवले, की आपल्या समाजात कुजबूज होते. कुजबुजणाऱ्यांपैकी फारच थोडे त्या आईला भेटायला जातात. ठेवणाऱ्याला दोष देण्यापेक्षा महिन्यातून एक दुपार तिथे जाऊन मराठीत चार गोष्टी बोलणे, गणपतीत प्रसाद पोहोचवणे, दिवाळी अंक नेऊन देणे, एवढे सभासदांना सहज करता येईल. शिवाय ज्या घरात बाहेरची माणसे वरचेवर येतात, तिथे निष्काळजीपणाला वाव कमी राहतो.